बहिष्कार : एका आडनावाचे क्रियापद

पदवीच्या वर्गाला आम्ही अनुवाद शिकवतो. एकदा दोन वाक्ये इंग्रजीत करण्यासाठी दिली होती. पहिले होते, ‘प्राध्यापकांनी उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला.’ दुसरे, ‘गावकीने त्या कुटुंबावर बहिष्कार टाकला.’ बहुतेकांनी दोन्हीकडे ‘बॉयकॉट’ हे एकच क्रियापद वापरले आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, “सर, ‘बहिः’ म्हणजे बाहेर ना? मग पहिल्या वाक्यात बाहेर कोण आहे?” पहिल्या वाक्यात बाहेर प्राध्यापक आहेत, ते आपणहून कामाबाहेर जाऊन उभे राहिले आहेत. दुसऱ्या वाक्यात बाहेर ते कुटुंब आहे, आणि ते आपणहून गेलेले नाही. शब्द एकच, प्रत्यय एकच, ‘टाकणे’ ही क्रियाही तीच. पण दोन वाक्यांत बाहेर जाणारा माणूस वेगळा आहे. तासाची घंटा झाली आणि प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला आयर्लंडपासून महाडपर्यंत यावे लागले. ती वाट वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

इंग्रजीतले ‘बॉयकॉट’ हे क्रियापद मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट यांचा जन्म १८३२ साली इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात झाला. घराण्याचे आडनाव आधी ‘बॉयकॅट’ असे होते. १८४१ मध्ये त्यातील एक स्वर बदलला. तो बदलला नसता तर आज जगातल्या अनेक भाषांतले एक क्रियापद थोडे निराळे ऐकू आले असते. बॉयकॉट काही काळ सैन्यात होते. लोक त्यांना ‘कॅप्टन’ म्हणत, पण तो हुद्दा त्यांना सैन्यात कधी मिळालेला नव्हता. ती केवळ लोकांनी दिलेली उपाधी. सैन्य सोडल्यावर ते आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो परगण्यात स्थायिक झाले आणि पुढे लॉख मास्क या सरोवराच्या काठी लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी म्हणून राहू लागले.

लॉर्ड अर्न यांची आयर्लंडात ४०,००० एकरांहून अधिक जमीन होती आणि ते स्वतः दूर फर्मनॅ परगण्यातील आपल्या गढीत राहत. बॉयकॉट यांच्याकडे त्यापैकी सुमारे १,५०० एकरांचा कारभार होता. तीस-पस्तीस कुळे, त्यांचा खंड वसूल करायचा आणि त्यातला दहावा हिस्सा मेहनताना म्हणून घ्यायचा. कोकणातली खोती ज्यांनी पाहिली किंवा वाचली आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. दूरचा मालक, जवळचा कारभारी आणि मधे लेखी हक्क नसलेले कूळ. त्यात बॉयकॉट बारीकसारीक शिस्तीचे. फाटक उघडे राहिले, कोंबडी हद्दीत शिरली, तरी दंड. हा माणूस राक्षस नव्हता. अशी माणसे प्रत्येक जमीनदारीत असतात, आणि तिच्या नियमांवर त्यांची मनापासून श्रद्धा असते.

१८४५ पासून पुढची काही वर्षे आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाले आणि सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. तितकीच देशोधडीला लागली. त्या दुष्काळाची आठवण जिवंत असतानाच १८७९ मध्ये पुन्हा पीक गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डब्लिनमध्ये ‘लँड लीग’ ही कुळांची संघटना उभी राहिली. मायकेल डेव्हिट तिचे प्रवर्तक, चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल अध्यक्ष. रास्त खंड, जमिनीवरून न हटवण्याची हमी आणि कुळाला आपला हक्क विकण्याची मुभा, या तिच्या तीन मागण्या. १८८० च्या हंगामात लॉर्ड अर्न यांनी खंडात शेकडा १० सूट देऊ केली. कुळांनी शेकडा २५ मागितली. ती नाकारली गेली आणि बॉयकॉट यांनी ११ कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा मिळवल्या.

नोटिसा निघण्याच्या तीन दिवस आधी, १९ सप्टेंबर १८८० रोजी, एनिस येथील सभेत पार्नेल यांनी लोकांना एक प्रश्न विचारला होता. शेजाऱ्याला हुसकावून रिकामी केलेली जमीन जो घेतो, त्याचे काय करायचे? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला उपाय आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनामंदिरातसुद्धा त्याच्याशी कोणी बोलू नये, कोणी व्यवहार करू नये; पूर्वी महारोग्याला जसे दूर ठेवत तसे त्याला ठेवावे. ही उपमा वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

२२ सप्टेंबरला नोटिसा बजावणारा बेलिफ पोलिसांसह लॉख मास्कच्या कुळांकडे गेला. तीन-चार नोटिसा कशाबशा बजावल्या गेल्या आणि मग बायकाच पुढे झाल्या. चिखल, शेण, दगड, जे हाती लागेल ते त्याच्यावर पडले आणि त्याने बॉयकॉट यांच्या घराचा आसरा घेतला. त्यानंतर घरातले नोकर गेले, शेतावरचे मजूर गेले. लोहार येईना, परटीण येईना. टपाल आणण्याचे काम बॉयकॉट यांच्या लहान पुतण्याने घेतले, तर त्यालाही वाटेत अडवून तंबी मिळाली. बॅलिनरोबच्या दुकानदारांनी माल देणे थांबवले. अन्नधान्य सरोवरापलीकडून होडीने आणावे लागे. १८ ऑक्टोबरला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये बॉयकॉट यांचे आपली कैफियत मांडणारे पत्र छापून आले आणि मेयोमधले हे भांडण साऱ्या ब्रिटनचे झाले.

पुढचे प्रकरण कोणा विनोदी लेखकाने रचावे असे आहे. बॉयकॉट यांचे पीक काढण्यासाठी उत्तरेकडील कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून ५० स्वयंसेवक आले. त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे हजार शिपाई पाठवले. नोव्हेंबरचा पाऊस, चिखल, तंबू आणि त्यात बटाटे व सलगम काढण्याचे काम. सुमारे ५०० पौंडांच्या पिकासाठी सरकारला आणि मदतकर्त्यांना १०,००० पौंडांच्या आसपास खर्च आला असे सांगतात. एकेका सलगमाला एक शिलिंग पडला, असे पार्नेल म्हणाले. २७ नोव्हेंबरला बॉयकॉट कुटुंब निघाले तेव्हा गाडी हाकायला गावातला एकही माणूस मिळेना. ते सैन्याच्या रुग्णगाडीतून गेले. डब्लिनच्या ज्या हॉटेलात ते उतरले, तिथल्या मालकालाही धमकीचे पत्र आले. १ डिसेंबरला त्यांनी आयर्लंड सोडले. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ४ जानेवारी १८८१ रोजी, पुण्यात ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण पुढे एका शब्दाने त्या जोडल्या जाणार होत्या.

आता शब्दाच्या जन्माकडे वळू. ही हकीकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवली आहे. तिथले धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांच्याशी ते बोलत होते. या प्रकाराला नाव काय द्यावे, असा पेच होता. इंग्रजीत ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द तयार होता; पण रेडपाथ म्हणाले, जमीनदाराला वाळीत टाकण्यासाठी हा शब्द कुळांच्या कामाचा नाही, तो त्यांना कळणार नाही. ओमॅली यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, त्याला ‘बॉयकॉट करणे’ म्हटले तर? महिन्या-दोन महिन्यांत हा शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत आला. वर्ष संपण्याच्या आत काही ठिकाणी आडनावाचे मोठे आद्याक्षर लहान झाले. इंग्रजीत विशेषनामाचे सामान्य क्रियापद झाल्याची खूण तीच. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, इतकेच नव्हे तर जपानी भाषेनेही हा शब्द उचलला. व्यक्तीच्या नावावरून झालेल्या क्रियापदांत बहुधा कर्त्याचे नाव असते. इथे मात्र ज्याला ते सोसावे लागले त्याचे नाव क्रियापद झाले.

फादर ओमॅली यांनी जो शब्द टाळला, तोही पाहण्यासारखा आहे. ‘ऑस्ट्रॅकॉन’ म्हणजे खापरी. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्सचे नागरिक खापरीवर एखाद्याचे नाव कोरून मत देत. सहा हजार मतांचा दंडक पुरा झाला की तो माणूस दहा वर्षांसाठी नगराबाहेर जाई. त्याची मालमत्ता मात्र त्याचीच राही आणि मुदत संपल्यावर तो परत येई. फुटलेल्या मडक्याचा हा तुकडा वाचून मराठी वाचकाला आपल्याकडचे एक मडके आठवायला हवे. ‘घटस्फोट’ या शब्दाचा आजचा अर्थ विवाहविच्छेद. धर्मशास्त्रात तो पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो वर्णिला आहे. आप्तांनी गावाबाहेर जमायचे, पाण्याने भरलेला घट दासीने पायाने उलथायचा आणि त्या जिवंत माणसाला मेला असे समजून सुतक पाळायचे. अथेन्सच्या खापरीला मुदत होती. या घटाला प्रायश्चित्ताखेरीज मुदत नव्हती, आणि जो बाहेर गेला त्याची सावलीही घरावर पडू नये असा त्याचा अर्थ होता.

शब्द जन्मला १८८० साली, पण कृती त्याहून जुनी आहे. १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचे विधेयक ब्रिटिश संसदेने फेटाळले, तेव्हा इंग्लंडमधल्या सामान्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर खाणे सोडले. अशांची संख्या ३ लाखांच्या घरात होती असा तेव्हाचा अंदाज. त्यांच्यापाशी या कृतीसाठी नेमका शब्द नव्हता. साखर ‘वर्ज्य करणे’ एवढेच ते म्हणत.

आपल्या दख्खनमध्ये तर लॉख मास्कची जणू रंगीत तालीम सहा वर्षे आधीच झाली होती. डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातील कर्डे गाव. काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे १५० रुपयांच्या कर्जापोटी जप्तीचा हुकूमनामा मिळवला. गाव एक झाले. सावकारांच्या दुकानातून कोणी माल घेईना, त्यांची जमीन कोणी कसेना. न्हावी हजामत करीना, परीट कपडे धुईना, चांभार, सुतार, लोहार कोणी कामाला येईना. हे लोण आसपासच्या गावांत पोहोचले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे दंगा पेटला आणि कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून त्याची नोंद आहे. त्या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा निघाला. लँड लीग स्थापन झाली तेच हे वर्ष. कर्ड्याला एखादा रेडपाथ जाऊन पोहोचला असता तर काय झाले असते, याची कल्पना करून आम्ही वर्गात हसतो. पण गंमत बाजूला ठेवली तर एक गोष्ट नीट पाहावी लागते. कर्डेकरांना हे हत्यार शिकवायला कोणी आयर्लंडहून आला नव्हता. ते गावातच होते, बलुतेदारीच्या व्यवस्थेत शतकानुशतके पडून. नवीन होती ती त्याची दिशा.

एरवी ते हत्यार कोणावर चाले, हे सांगण्यासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. वाळीत टाकणे, ग्रामण्य करणे, जातीबाहेर काढणे, पंक्तीतून उठवणे, रोटीबेटी बंद करणे, पाणी तोडणे. एका कृतीला एवढे शब्द असणे हे भाषेचे वैभव असले, तरी समाजाचे नव्हे. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने मुंबईत विधवाविवाह झाला तेव्हा त्यात भाग घेणाऱ्यांवर शंकराचार्यांच्या आज्ञेने बहिष्कार पडला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले आणि त्यांच्या मुरुड गावाने सभा भरवून ठराव केले. कर्व्यांबरोबर एका बैठकीवर कोणी बसू नये, आणि भावाने त्यांना घरात ठेवून घेतले तर भावाच्या घरालाही वाळीत टाकावे. म्हणजे शिक्षा एकट्या कर्व्यांना नव्हती; कोकणातल्या त्या घरातली वृद्ध आई ओलीस होती. बॉयकॉट यांना मेयो सोडून इंग्लंडला जाता आले. मुरुडातून त्या माउलीने कुठे जायचे होते?

एक गोष्ट इतिहासाने मोठ्या मौजेने घडवली आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे जाहीर केली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते आणि टिळकही होते. बहिष्काराची जुनी तलवार या तिघांच्याही डोक्यावर एकाच वेळी टांगली गेली होती. त्यानंतर पंधरा वर्षांनी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, वंगभंगाच्या विरोधात कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेने विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव केला. टिळकांनी तो महाराष्ट्रात उचलून धरला, ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, आणि मराठीत या नव्या हत्याराला नाव मिळाले ते जुनेच : बहिष्कार.

त्याच वर्षअखेरीस बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून बोलताना गोखल्यांनी या शब्दाबद्दल शंका काढली होती. त्यांचे म्हणणे असे की ‘बॉयकॉट’ या शब्दाला त्याच्या उगमामुळे बरा वास नाही. त्यात दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी आधी दिसते, म्हणून स्वदेशीचा पुरस्कार करताना तो टाळावा. गोखले व्युत्पत्तीचा मुद्दा राजकारणाच्या व्यासपीठावरून मांडत होते, ही आम्हा भाषेच्या शिक्षकांना सुखावणारी गोष्ट आहे. पण त्या वादात चौकशी झाली ती इंग्रजी शब्दाच्या जन्माची. मराठी शब्दाच्या पूर्वायुष्याकडे, तो कोणाच्या दारात कशासाठी उभा राहत आला होता याकडे, लक्ष वेधण्याचे काम व्हायला आणखी दोन दशके जावी लागली.

१९२३ मध्ये रावबहादूर बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीत तो मान्य केला. कागदावर तळे खुले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा परतणाऱ्यांवर हल्ले झाले आणि नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. पुन्हा मडकीच. दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी पाक्षिक सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘बहिष्कृत भारत’. त्याआधी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नावही ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ असेच होते. या नावांत व्याकरणाची एक लहानशी करामत आहे. ‘बहिष्कार’ हे टाकणाऱ्याच्या बाजूचे नाम. ‘बहिष्कृत’ हे ज्याच्यावर तो पडला त्याचे कर्मणी धातुसाधित विशेषण. टाकणारे कोण याबद्दल ते मौन पाळते, पण कोणीतरी टाकले आहे हे लपू देत नाही. बावीस वर्षे मराठीत ‘बहिष्कार’ म्हणजे देशभक्ती असा अर्थ गाजत होता. त्या शब्दाच्या दुसऱ्या बाजूला कोण बसले आहे, ते या एका विशेषणाने दाखवले.

त्यांच्या युक्तिवादाचा पुढचा टप्पा कायद्याचा होता. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे आंबेडकर सदस्य होते. अस्पृश्य आपला हक्क बजावू लागले की गावातले जमीनदार त्यांना जमिनीवरून काढतात, मजुरी बंद करतात, वाटा अडवतात, वाणी माल देत नाही, असे त्या समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले. गोलमेज परिषदेपुढे आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी मागण्यांचा जो मसुदा ठेवला, त्यात सामाजिक बॉयकॉट हा गुन्हा ठरवावा असे कलम होते. त्याची व्याख्या त्यांनी घेतली ब्रह्मदेशच्या १९२२ च्या बॉयकॉटविरोधी कायद्यातून. हा कायदा सरकारने तिथल्या राष्ट्रवादी चळवळीच्या बहिष्कारांना आळा घालण्यासाठी केलेला. राज्यकर्त्यांनी बलवानांच्या रक्षणासाठी घडवलेली ढाल आंबेडकरांनी उचलली आणि तिची बाजू फिरवली. लॉख मास्कच्या कुळांनी हत्याराची दिशा बदलली होती. इथे ढालीची बदलली.

म्हणून आंबेडकर सगळ्याच बहिष्कारांच्या विरोधात होते असे मात्र समजू नये. ज्या कुलाबा जिल्ह्यात तेव्हा महाड येत असे, त्याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी या गावी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसणे बंद केले. हा संप १९३९ पर्यंत चालला. लोक लाकडे तोडून, मासे धरून, मोलमजुरी करून जगले, पण नांगर धरला नाही. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. महाडला बहिष्काराचा प्रतिकार, चरीला एका परीने बहिष्काराचाच पाठिंबा. आणि दोन्ही ठिकाणी भूमिका एकच. पाणी तोडणारा वरून खाली तोडत होता. नांगर खाली ठेवणारा आपले श्रम काढून घेत होता.

इथे त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते असे आम्हाला वाटते. ‘बॉयकॉट’च्या मुळाशी ‘आम्ही देणार नाही’ हे आहे : आमचे श्रम, आमचा पैसा, आमची सोबत. ‘बहिष्कार’च्या मुळाशी ‘तुला मिळू देणार नाही’ हे आहे : पाणी, वाट, अग्नी, खांदा. पहिल्यात स्वतःचे काही सोडावे लागते. चरीच्या कुळांनी सहा वर्षांचे पीक सोडले, इंग्लंडच्या त्या कुटुंबांनी चहातला गोडवा सोडला. दुसऱ्यात टाकणाऱ्याचे काहीच जात नाही, बहुधा काही मिळतेच.

ही विभागणी वाटते तितकी स्वच्छ नाही, हेही सांगायला हवे. लॉख मास्कला सगळे नोकर मनाने गेले नव्हते, काही भीतीने गेले. पुढच्या वर्षांत आयर्लंडातल्या अनेक गावांत या हत्याराचा घाव जमीनदारावर न पडता, गरजेपोटी पडीक जमीन कसायला घेतलेल्या दुसऱ्या गरिबावर पडला. पार्नेल यांना आपला उपाय समजावताना महारोग्याचीच उपमा सुचावी, यातच त्याची सावली आहे. कर्ड्याचे सावकार बाहेरून आलेले होते. गावाचा रोष सावकारीवर किती आणि परकेपणावर किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. हत्यार एकच असले की हात बदलायला वेळ लागत नाही. विलायती कापड वर्ज्य करण्यासाठी उचललेला शब्द उद्या शेजारच्या दुकानदाराच्या नावावर येऊ शकतो.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने या शब्दाशी दोनदा झुंज घेतली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजबहिष्कृत करण्याला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्मसंप्रदायाच्या स्वातंत्र्यावर तो घाला घालतो म्हणून, तो रद्द ठरवला. त्यानंतर अर्धशतक गेले. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, वाळीत टाकलेल्यांच्या तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून पुढे आल्या, आणि एप्रिल २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा एकमताने संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये तो अमलात आला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोलमेज परिषदेपुढे मांडलेली मागणी या राज्यात कायदा व्हायला सत्त्याऐंशी वर्षे लागली.

खुद्द बॉयकॉट यांचे पुढे काय झाले? सरकारने नुकसानभरपाई दिली नाही. १८८१ मध्ये ते मेयोला परतले आणि वातावरण निवळल्यावर आणखी काही वर्षे तिथेच राहिले. त्याच वर्षीच्या कायद्याने कुळांच्या तिन्ही मागण्या मान्य झाल्या होत्या. १९०३ च्या कायद्यानंतर तर सरकारी कर्जाच्या मदतीने कुळेच मालक होऊ लागली. १८८६ मध्ये बॉयकॉट इंग्लंडमध्ये दुसऱ्या एका जमीनदारीचे कारभारी म्हणून गेले, पण सुट्टीला आयर्लंडलाच येत राहिले. १८९७ मध्ये ते वारले. ज्याचे नाव जगाने वाळीत टाकण्याला दिले, तो माणूस ज्या गावाने टाकले त्या भागात परत येऊ शकला आणि त्याला नांदू दिले गेले, ही या कथेतली आम्हाला सर्वात मोलाची गोष्ट वाटते. तिथले भांडण खंडाशी होते. तो सुटला तेव्हा माणूस परत माणूस झाला.

पुढच्या तासाला आम्ही तीच दोन वाक्ये पुन्हा फळ्यावर लिहिली. पहिल्याखाली ‘बॉयकॉट’ राहू दिले. दुसऱ्यासाठी इंग्रजी शब्द सुचवा म्हटल्यावर वर्गात बराच वेळ शांतता होती. मग त्या विद्यार्थिनीनेच सांगितले की तिच्या आजोळी एका घराला गावकीने असेच टाकले होते, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्याला खांदा द्यायला परगावाहून माणसे आणावी लागली. तिने वहीत दुसऱ्या वाक्याचा अनुवाद केला नव्हता. त्या जागी तिने मराठीतच एक शब्द लिहून ठेवला होता : ‘गुन्हा’. आम्ही तो बरोबर दिला.